फ्यूज खिशात

गेल्या अकरा महिन्यांत मी आमच्या व्हरांड्यातल्या बोर्डाकडे सरळ नजरेनं पाहिलं नव्हतं. बोर्डावर चार बटणं आहेत. तीन घरची, चौथं अंगणात उभ्या असलेल्या घरगाडीचं. त्या चौथ्या बटणावर मी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. कोणी विचारलं तर सांगायचो, बटण ढिलं आहे, शॉक बसेल. साफ खोटं. बटण ठणठणीत होतं. मला त्याला हात लावायचा नव्हता आणि दुसऱ्या कोणी लावलेला बघवला नसता, एवढंच.

घरगाडी दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तीस-बत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन. रिटायर झाल्यावर लोक देऊळ धरतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. यानं कबाड्याच्या भंगारातून शाळेची एक जुनी मिनीबस उचलली आणि विजय नगरच्या आमच्या अंगणात आणून उभी केली. सीटा उपटल्या, खाली झोपता येईल अशी दोन बाकडी केली, चालकाच्या सीटमागे वर एक रुंद फळी, मागच्या बाजूला चहापुरता ओटा. सकाळचा चहा झाला की हा आत शिरायचा तो जेवायलाच बाहेर. शेजारी कुंपणावरून विचारायचे, "भैया, ये चलेगी भी?" हा म्हणायचा, "चलेगी नहीं, दौड़ेगी." मी तिला डब्बा म्हणायचो. मुद्दाम. त्याला राग यावा म्हणून.

मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. शाळेत फिजिक्स शिकवायचो, लग्न केलं नाही, दादा-वहिनींच्या घरात वरच्या खोलीत राहत आलो. दादा मला मास्तर म्हणायचा, आणि त्यात मान किती आणि टिंगल किती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. "मास्तर, तुझा करंट फळ्यावरच वाहते," असं चारचौघांत बोलायचा. मी चिडायचो. मला चिडायला फारसं काही लागत नाही, हे मान्य आहे.

गाडीतले सगळे दिवे त्यानं बारा व्होल्टचे केले होते. घरचा करंट एका लांब केबलमधून गाडीत यायचा, चालकाच्या सीटमागे लावलेल्या चार्जरमध्ये शिरायचा आणि तिथून बारा व्होल्ट होऊन बाहेर पडायचा, थोडा दिव्यांना, थोडा बॅटरीत साठायला. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, सरळ घरचे बल्ब लाव ना. तर म्हणे, "माणूस झोपते तिथं लहान करंट पाहिजे, मास्तर. मोठा करंट दारातच थांबला पाहिजे." प्रत्येक बटणाखाली त्यानं पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेननं नाव लिहिलं होतं. पायरी. ओटा. हिचा. हिचा म्हणजे वहिनींच्या उशाशी असलेला दिवा.

आता फॅक्टरीतली एक सवय सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. दादा जिथं काम करायचा तिथं रीत होती, की मशीनमध्ये हात घालायचा तर आधी तिचा फ्यूज उपटायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. मेन बंद केलं, पाटी टांगली, एवढ्यावर विसंबायचं नाही. कोणीतरी शहाणा येतो आणि बटण दाबतो. फ्यूज खिशात असला तर ब्रह्मदेव आला तरी करंट येत नाही. मग मोठ्यानं ओरडायचं, "फ्यूज खिशात!" आणि जोडीदारानं तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर कानावर आल्याशिवाय हात घालायचा नाही.

गाडीतही त्यानं चार्जरच्या अलीकडे एक पांढरा चिनी मातीचा फ्यूज बसवला होता, जुन्या घरांत मीटरखाली असायचा तसा, मुठीत धरून ओढला की निघणारा. आणि जोडीदार म्हणून नेमणूक माझी. मी व्हरांड्यात पेपर वाचत बसलेला असायचो, गाडीतून आरोळी यायची, "फ्यूज खिशात!" आणि मी पेपर न हलवता ओरडायचो, "अच्छा!" गल्लीत भाजीवाला उभा असला तर तोही हसत "अच्छा" म्हणायचा. माझं दुसरं काम म्हणजे रोज चार वाजता चौथं बटण दाबायचं, बॅटरी चार्ज व्हायला लावायची. त्यात कधी खंड पडला नाही. शिस्तीचा माणूस आहे मी.

अबोला कशावरून झाला ते सांगायला लाज वाटते. जेवताना दादा म्हणाला, गाडी तयार होऊन राहिली, आता तिघं अमरकंटकला जाऊ, वरची फळी मास्तरची. मी म्हटलं, "मी नाही झोपणार त्या डब्यात. मेल्यावर चौघं आडवा करून नेतीलच, जिवंतपणी काहून आडवा होऊ?" वहिनी म्हणाल्या, "शुभ बोला जी भाऊजी." दादा ताट सरकवून उठला. दोन वर्षं तो त्या गाडीत हात काळे करून राहिला होता आणि मी एका वाक्यात तिची तिरडी करून टाकली.

दुसऱ्या दिवशी माफी मागायची सोडून मी तोंड फुगवून बसलो, कारण त्यानं मला चहाला हाक मारली नाही. चार दिवस गेले. दोन म्हातारे एका घरात, आणि बोलणं वहिनींच्या मार्फत. "त्याला म्हणा, पेपर झाला असेल तर दे." याच वागण्यावरून मी वर्गात मुलांना उठाबशा काढायला लावल्या आहेत. त्या चार दिवसांत गाडीतून आरोळी आली नाही. उत्तर देणाऱ्याशीच बोलणं नाही तर हाक कोणाला देणार?

पाचव्या दिवशी चार वाजता मी उठलो आणि चौथं बटण दाबलं. अबोला असला तरी आपलं काम चुकवायचं नाही, हा माझा ताठा. दादा गाडीत आहे की नाही हे पाहिलंसुद्धा नाही. बटण दाबलं आणि गाडीतून धप्प असा आवाज आला.

मी गेलो नाही. हे नीट लिहितो, कारण कितीतरी दिवस हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हत्यारं आपटून माझ्यावरचा राग काढून राहिला. काढ बापा, काढ, म्हटलं. परत खुर्चीत बसलो, पेपर उघडला आणि पंधरा मिनिटं वाचला. सव्वाचारला वहिनी चहा घेऊन गाडीत गेल्या आणि त्यांची किंकाळी आली. मी धावलो. पण गाडीकडे नाही, आधी बोर्डाकडे. चौथं बटण बंद केलं आणि मग गाडीकडे पळालो. करंट हा शब्द मनात यायच्या आधी माझ्या हातानं ते केलं होतं.

दादा चार्जरखाली पडलेला होता, हातात पक्कड. चार्जरचं झाकण उघडं. शेजाऱ्यांनी उचललं, हॉस्पिटलला नेलं, तिथं पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हार्टचा मोठा अटॅक, त्यांना कळलंही नसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्याच मिनिटाला एका मास्तरानं बटण दाबलं होतं, हे डॉक्टरांना कोणी सांगितलं होतं? हॉस्पिटलनं त्याचे कपडे, घड्याळ आणि चष्मा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिले. दादाचा पोरगा रात्री बंगलोरहून पोचला, त्यानं ती पिशवी घरी आणली आणि वहिनींनी कपाटात साड्यांखाली ठेवली.

मग ते सुरू झालं. रोज साडेतीनपासून मी घड्याळाकडे बघायला लागायचो. मी वरच्या खोलीत जाऊन पंखा फुल करून बसायचो, अंगणातलं काही ऐकू येऊ नये म्हणून. तरी यायचं. कधी धप्प, कधी आरोळी. धप्प म्हणजे शेजारच्या गच्चीवर कोणी गादी टाकली असेल, अशी समजूत घालता यायची. आरोळीचं काय करायचं ते कळायचं नाही. एकदा मी चक्क "अच्छा!" म्हणून ओरडलो. खाली वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि परत ताटाकडे पाहिलं. त्यांनी विचारलं असतं तर मी तिथंच सगळं ओकून टाकलं असतं.

गाडीच्या पायरीशी दादाच्या चपला तशाच पडून होत्या. पावसात भिजल्या, उन्हात वाळल्या, टाचा वर वळल्या, पण कोणी उचलल्या नाहीत. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावरून एखादी मोटार वळली की तिचा उजेड घरगाडीच्या काचांवरून सरकायचा आणि वाटायचं, आत कोणीतरी दिवा घेऊन फिरून राहिलं. परावर्तन म्हणजे काय ते मी जन्मभर शिकवलं. तरी उठून पडदा ओढायचो. भूत मी मानत नाही. पण आपण भावाला मारलं की नाही हे माहीत नसताना त्याच्याच घरात जेवायचं, झोपायचं, त्याच्या फोटोला हार घालायचा, यापेक्षा एखादं भूत परवडलं असतं. ते निदान समोर येऊन काय ते बोललं असतं.

वर्षश्राद्धाला तीन आठवडे राहिले तेव्हा वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, वर्षश्राद्ध झालं की अमरकंटकला जायचं. गाडीनंच. पोरगा येऊन राहिला बंगलोरहून. तो चालवेल, नवी बॅटरीही तोच टाकेल. तुम्ही आतले दिवे तेवढे सुरू करून द्या."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. "मला काय येते त्यातलं? मिस्त्री बोलावू."

"मिस्त्री नको. त्यांच्या तारांना परका हात नको." मग भाजी वाढत म्हणाल्या, "अन् तुम्ही जोडीदार होते ना त्यांचे."

पुतण्याला फोन केला. त्याला मराठी समजते सगळं, बोलताना मात्र गाडी रुळावरून घसरते. "काका, टेन्शन मत लो. बॅटरी तर गेलीच असेल. पण चार्जर सुरू झाला ना, तर दिवे त्याच्यावर पण चालतात. पहले चार्जर देखो, वही उड़ा होगा." मी फोन ठेवला. चार्जर उडाला असेल तर कधी उडाला असेल? माझ्या डोळ्यांपुढे एकच दुपार आली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास चिकटपट्टी सोलून काढली. चार वाजता ते माझ्याच्यानं झालं नसतं. डोळे मिटून बटण दाबलं. कुठूनही आवाज आला नाही. मग चपला ओलांडून गाडीत शिरलो. आत अजून त्याचा वास होता, रबराचा आणि खोबरेल तेलाचा. चार्जर झाकण उघडं टाकून तसाच भिंतीला होता. झाकणाचे चार स्क्रू स्टीलच्या एका वाटीत ठेवलेले. ही वाटी वहिनी वर्षभर शोधून राहिल्या होत्या. पायरीचं बटण दाबलं, काही नाही. ओट्याचं दाबलं, काही नाही. हिचा, तोही नाही. चार्जरवरचा हिरवा ठिपका विझलेला.

आणि मग वरच्या फळीपाशी एक पट्टी दिसली, जी मी कधी पाहिली नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं, मास्तर. दिवा बसवलेला, बटण बसवलेलं, आणि खाली चार्जरपर्यंत दोन तारा लोंबत होत्या. एकीचं टोक सोललेलं, दुसरीचं नाही. मी त्या डब्यात झोपणार नाही म्हणून सांगितलं, आणि पाचव्या दिवशी हा माणूस माझ्या उशाशी दिवा लावत होता. मी बाकड्यावर बसलो आणि भर दुपारी ओक्साबोक्शी रडलो.

डोळे पुसून बाहेरचं बटण बंद केलं, चार्जर काढला, पिशवीत घातला आणि स्कूटरनं ओमतीच्या बाजारात गेलो. तिथं एक रिपेअरवाला दादाच्या ओळखीचा. "बैठिए मास्टरजी," म्हणाला. मी उभाच राहिलो. त्यानं चार्जर जोडला आणि हिरवा ठिपका लागला. मीटर लावून पाहिलं. "इसको तो कुछ हुआ ही नहीं, मास्टरजी. एकदम फर्स्ट क्लास."

"जला नहीं?"

"जलेगा काहे को? इसको करंट ही नहीं मिल रहा होगा. पीछे देखिए, कहीं रास्ता टूटा होगा."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण फिजिक्सचा मास्तर मी. माणसाला शॉक बसला म्हणून चार्जर जळत नाही, हे मला त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं. त्याला थँक्यू म्हणायचंही राहून गेलं.

घरी येऊन चार्जर परत लावला, चौथं बटण दाबलं आणि टेस्टर घेऊन बोर्डापासून निघालो. बोर्डावर करंट होता. केबलच्या टोकाला होता. मग चार्जरच्या अलीकडचं ते फ्यूजचं झाकण उघडलं. खालचा पांढरा भाग होता, पितळेच्या दोन पट्ट्या होत्या, आणि मधे नुसती पोकळी. फ्यूज नव्हता.

मी खाली वाकून सगळी गाडी शोधली. चालकाच्या सीटखाली, हत्यारांच्या पेटीत, त्या वाटीत, बाकड्यांच्या फटींत. नाही. दादानंतर गाडीत कोणी कामाला गेलंच नव्हतं. त्या दिवशीच्या गडबडीत कोणी खबरदारी म्हणून काढला असेल का? पुतण्याला विचारलं. "नाही काका, मी हात पण नाही लावला." ज्यांनी उचललं त्या शेजाऱ्यांना विचारलं. "नहीं मास्टरजी, हमने तो सिर्फ भैया को उठाया था." मग एकच जागा उरत होती, दादाचा खिसा. फ्यूज खिशात असेल, तर मी दाबलेलं बटण मुकं होतं आणि दादा हार्टनंच गेला. खिशात नसेल, तर उचलाउचलीत कुठं पडला, की कोणी मागाहून काढला, हे मला मरेपर्यंत कळणार नव्हतं. आणि तो खिसा होता वहिनींच्या कपाटात, साड्यांखाली, गाठ मारलेल्या पिशवीत. ती मागायची म्हणजे का मागतो ते सांगायला लागणार.

दोन दिवस मी नुसता येरझारा घालत होतो. परत ओमतीला जाऊन तसाच एक नवा फ्यूजही आणला. तो बसवला असता तर दहा मिनिटांत दिवे लागले असते. वहिनी खूश, पुतण्या खूश, आणि मी चिकटपट्टीसारखा आणखी एक खोटेपणा डकवून मोकळा. नवा फ्यूज हातात घेऊन मी गाडीत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. त्या जागेत दुसरा फ्यूज घालायला माझा हात धजेना.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मी वर पळालो नाही. व्हरांड्यात बसून राहिलो. वहिनी चहा घेऊन आल्या.

"वहिनी, ती पिशवी उघडायची आहे."

त्या थांबल्या. कोणती पिशवी असं त्यांनी विचारलं नाही.

"त्या दिवशी बटण मी दाबलं होतं," मी म्हटलं. "दाबलं अन् आवाज आला. मी गेलो नाही. पेपर वाचत बसलो, पंधरा मिनिटं. गाडीतला फ्यूज जागेवर नाही. तो दादाच्या खिशात आहे की नाही ते मला पाहायचं आहे." एवढं बोलताना माझी ततपप झाली, पण बोललो.

वहिनींनी कप खाली ठेवला. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"बटण. मी गाडीत ओरडून राहिली होती, अन् खिडकीतून तुम्ही दिसले. आधी बोर्डाकडे गेले तुम्ही."

"मग काहून विचारलं नाही वर्षभर?"

"काय विचारू? काम करताना फ्यूज खिशात असते त्यांच्या, हे मला माहीत नाही का? दोनदा मशीनमध्ये धुतला मी तो, शर्टासोबत. खडखड वाजायचा. पिशवी नुसती बाहेरून दाबली असती तरी समजलं असतं." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "नाही दाबली."

"काहून?"

"नसता निघाला तर?" त्यांचा आवाज चिरकला. "नसता निघाला तर तुम्हाला रोज ताट कसं वाढलं असतं मी? याच घरात राहायचं आहे ना दोघांना. म्हणून नाही पाहिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वर पंखा लावून एकटाच भोगून राहिलो, असा माझा समज होता. आणि ही बाई खाली त्याच पिशवीवर घड्या रचून, तोंडातून शब्द न काढता, मला गरम पोळी वाढत होती.

त्या आत गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. गाठ घट्ट बसली होती. मी कात्री आणायला उठलो तर "बसा" म्हणाल्या आणि नखांनी सोडवत बसल्या. सुटायला बराच वेळ लागला. घड्याळ बाहेर काढलं, ते बंद पडलं होतं. चष्मा काढला. मग शर्ट निघाला, फॅक्टरीतला जुना खाकी, खिशाला झाकण असलेला. झाकणाचं बटण निळं होतं, कारण खाकी मिळालं नाही तेव्हा वहिनींनीच ते लावलं होतं. बटण लागलेलं होतं. त्यांनी शर्ट मांडीवर पसरला आणि खिशावर तळहात ठेवला. मला त्या हाताकडे बघवेना, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

"आहे," त्या म्हणाल्या.

मी लहान पोरासारखा रडलो, हे सांगायला मला संकोच नाही. वहिनींनी बटण काढून तो पांढरा फ्यूज माझ्या हातात ठेवला. एक कोपरा उडालेला होता, मशीनमध्ये आपटून. आणि मग त्या भडकल्या. त्यांना इतकं भडकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "काय माणूस हा! फ्यूज काढला, खिशात टाकला, बटण लावलं. सगळं करता आलं. एक हाक द्यायला काय झालं होतं? अन् दिली असती तर तुम्हाला उत्तर द्यायला काय झालं असतं? दोघंही सारखेच तुम्ही!" दारातून दिसणाऱ्या दादाच्या फोटोकडे हात करून त्या आम्हा दोघांनाही बोलत होत्या, आणि मला ते ऐकून फार बरं वाटत होतं.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "करंटचं मिटलं. पण ती पंधरा मिनिटं?"

त्या शर्टाची घडी घालत होत्या. "डॉक्टर म्हणाले, लगेच गेले."

"डॉक्टर तिथं नव्हते."

त्यांचे हात थांबले. "मी होती ना, स्वयंपाकघरात. खिडकी उघडीच होती. धप्प मलाही ऐकू आला, भाऊजी. मला वाटलं, काही पडलं असेल त्यांच्या हातून. मी आलं किसून राहिली होती. चहा झाल्यावर जाऊ म्हटलं." मग शर्ट परत पिशवीत न घालता त्यांनी मांडीवरच ठेवला. "ती पंधरा मिनिटं माझीही आहेत. तुम्ही एकट्यानं नका घेऊ."

चहा गार झाला होता. तो आम्ही तसाच प्यालो.

दिवस मावळायला आला तेव्हा मी बटण बंद असल्याचं दोनदा पाहून फ्यूज घेऊन गाडीत गेलो आणि तो त्याच्या जागी दाबून बसवला. बाहेर येऊन चौथं बटण दाबलं. परत आत गेलो तर चार्जरवर हिरवा ठिपका लागला होता. पायरी लागली. ओटा लागला. हिचा लागला, पिवळसर, मऊ. वहिनी पायरीपर्यंत आल्या, चपलांपाशी थांबल्या, आपल्या दिव्याकडे पाहिलं आणि "कुकर लावला आहे" म्हणून घाईनं परत गेल्या. जाताना त्यांनी चपला उचलून नेल्या.

मास्तर तेवढा लागला नाही. त्याच्या दोन तारा जोडायच्या राहिल्या होत्या. आता चार्जरचं झाकण उघडं आणि आत घरचा करंट खेळत असलेला. बाहेर जाऊन बटण बंद केलं असतं तरी चाललं असतं. मी फ्यूजच उपटला. गाडीत एकदम अंधार झाला. फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला. माझ्या खिशाला झाकण नाही, म्हणून वरून एकदा चापपून पाहिला.

मग ओरडायचं होतं. पहिल्यांदा नुसता घोगरा आवाज निघाला. घसा खाकरून मी पुन्हा, गल्लीला ऐकू जाईल असं, ओरडलो, "फ्यूज खिशात!"

घरातून काही आलं नाही. कुकरची शिट्टी झाली. मी एका हातात पक्कड आणि दुसऱ्या हातात ती न सोललेली तार धरून अंधारात उभा राहिलो. उत्तर आल्याशिवाय हात घालायचा नाही, अशी रीत होती. पुन्हा ओरडावं का, असा विचार करून राहिलो होतो, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींचा आवाज आला, आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या एवढ्या मोठ्यानं.

"अच्छा!"

मी तार सोलायला घेतली.